घर तिचं, फेरी मंडळाची

पत्र थोडक्यात असं (नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत) :

“मी आमच्या बागप्रेमी मंडळाची चिटणीस. दरवर्षी एका रविवारी आम्ही जुन्या घरांची फेरी काढतो. सात घरं त्या दिवशी तिकीट लावून खुली असतात. जमलेला सगळा पैसा सार्वजनिक बागेच्या देखभालीला जातो, तिकिटावरही तसंच छापतो. सातांतलं सगळ्यांत जुनं आणि देखणं घर माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचं. ती एकटी राहते. नऊ वर्षं तिने हूं की चूं न करता घर उघडलं. गेल्या वर्षी तिच्याकडे चारशे माणसं येऊन गेली. यंदा मात्र तिने कार्यकारिणीला पत्र दिलंय : छप्पर गळतंय, उत्पन्नातला काही वाटा दुरुस्तीला द्या, नाहीतर माझं घर वगळा. शिवाय पंचवीस वर्षं तिच्या बागेत काम करणाऱ्या माळ्याचं नाव माहितीपत्रकात छापा, असंही एक मागणं आहे, पण ते किरकोळ. अध्यक्ष म्हणतात, एकीला दिलं की सातही जण हात पुढे करतील, आणि समाजकार्यात वाटा कसला? खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं. घर नुसतं दाखवायला तिचं काय जातं? पण ते घर नसेल तर निम्मी तिकिटंसुद्धा खपणार नाहीत. तिला गोडीगुलाबीने राजी करायचं काम मैत्रीण म्हणून माझ्या गळ्यात पडलंय. तिला न दुखावता कसं समजावू?”

चिटणीसबाई,

‘घर नुसतं दाखवायला तिचं काय जातं?’ या तुमच्या वाक्यावर मी अडले. वाक्य तुम्ही सहज लिहिलंय आणि तुमच्या मनात तिच्याविषयी वाईट काही नाही हे पत्रभर दिसतं. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच वाक्यात अडकलेलं आहे, म्हणून आधी तिचं काय जातं ते बघू.

अशाच एका फेरीत मी एकदा स्वयंसेवक होते. जिन्याच्या वळणावर उभं राहून ‘सावकाश, एका वेळी एकानेच’ एवढंच म्हणायचं काम. त्या वळणावर कठड्याचा एक गोल लाकडी गोंडा होता, नारळाएवढा, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला. वर जाणारा प्रत्येक माणूस त्याला धरून वळायचा. सकाळी तो चकाकत होता. संध्याकाळी त्यावर हाताच्या घामाचा चिकट, मळकट थर बसला होता आणि एका बाजूचं पॉलिश पांढरं पडलं होतं. वरच्या झोपायच्या खोलीत दोन बायका पलंगावर बसून बघून आल्या, ‘गादी जुनीच आहे का हो?’ असं विचारत. एका गृहस्थांनी कपाटाचं दार उघडलं. उघडं दिसलं म्हणून नव्हे, कुलूप दिसलं नाही म्हणून. आणि घराच्या मालकीणबाई? त्या दिवसभर मागच्या न्हाणीघरात स्टुलावर बसून होत्या, कारण फेरीत नसलेली तेवढी एकच जागा त्यांच्या घरात उरली होती. दुपारचं जेवण त्यांनी तिथेच उरकलं.

आता थोडं गणित. चारशे माणसं जिना चढली आणि उतरली, म्हणजे प्रत्येक पायरीवर आठशे पावलं पडली. तुमची मैत्रीण एकटी राहते. ती दिवसातून दोनदा वर जात असेल तर त्या पायरीवर रोज चार पावलं पडतात. म्हणजे तुमच्या एका रविवारी त्या जिन्याने दोनशे दिवस भोगले. नऊ वर्षं दरसाल अशीच गर्दी झाली असेल तर जवळजवळ पाच वर्षांची झीज तुम्ही नऊ रविवारांत उरकली आहे. शिवाय तिची पावलं घरातल्या चपलांची किंवा अनवाणी. पाहुण्यांच्या तळव्याला रस्त्यावरची बारीक वाळू असते आणि लाकडी जमिनीवर ती पॉलिशपेपरचंच काम करते. टोकदार टाचेची तऱ्हा त्याहून वाईट : साठ किलोच्या बाईचा जवळजवळ सगळा भार क्षणभर नखाएवढ्या जागेवर येतो आणि मऊ लाकडात कायमची खळी पडते. जुन्या विणीचं कापड, जलरंगातली चित्रं, जुने कागद यांच्यावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देऊ नये असा संग्रहालयांचा रूढ दंडक आहे. ५० लक्स म्हणजे जेमतेम संधिप्रकाश. आणि आपण काय करतो? लोकांना नीट दिसावं म्हणून सकाळपासून सगळे पडदे सारून ठेवतो.

फेरीआधीचे दोन आठवडे तर मी धरलेच नाहीत. झाडलोट, औषधं आणि कागदपत्रं कुलपात, घरातले फोटो उचलून ठेवणं, नेमक्या त्या रविवारी फुलावेत म्हणून वाफ्यांची चाललेली कसरत. हे सगळं तिने नऊ वर्षं दिलं आणि तुमच्या जमाखर्चात त्याची एक ओळही नाही. खजिनदारांची वही एकदा उघडा. मांडववाल्याचं बिल असेल, छापखान्याचं असेल, भाड्याच्या खुर्च्यांचं असेल. ती बिलं चुकती करताना ‘समाजकार्यात पैसे कसले’ असं कुणी म्हणालं नसणार. मग घरवालीपाशी आलं की समाजकार्य आडवं का येतं? आपल्याकडे याला आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात. राग मानू नका. बायजीला आपण बायजी आहोत हे बहुधा ठाऊकच नसतं.

हे भांडण तुम्हीच पहिल्यांदा भांडताय असंही नाही. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी नॅचेझ नावाचं गाव आहे. १९३१ साली तिथे राज्यातल्या उद्यान मंडळांचं अधिवेशन भरलं. दाखवायच्या होत्या बागा, पण अवेळी पडलेल्या कडाक्याच्या थंडीने फुलं करपली आणि पाहुणे तर दारात. मग यजमान बायकांनी बागांऐवजी आपली जुनी घरं उघडली, आणि पाहुण्यांना घरंच जास्त भावली. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, तिकीट लावून फेरी सुरू झाली. महामंदीचे दिवस होते. कापसाचा धंदा बसलेला, मोठमोठ्या घरांचा रंग उडालेला. पैसा यायला लागला आणि १९३६ मध्ये मंडळ फुटलं. कशावरून? तुमच्याच मुद्द्यावरून. एक गट म्हणे, पैसा मंडळाने गावातल्या जुन्या वास्तू वाचवण्यासाठी वापरावा. घरमालकिणींचा गट म्हणे, लोक आमची घरं बघायला येतात, तर ती उभी ठेवायला आम्हाला वाटा हवा. दोन मंडळं झाली, दोन फेऱ्या निघू लागल्या, कोर्टकचेरी झाली. या बायका जुन्या पद्धतीचे घेरदार झगे घालून पाहुण्यांचं स्वागत करायच्या, म्हणून या वादाला ‘हूप स्कर्टची लढाई’ असंच नाव पडलं. महायुद्ध संपल्यानंतर कुठे दोन्ही मंडळांनी पुन्हा मिळून फेरी काढायला घेतली.

मला या गोष्टीतलं एक फार आवडतं. दोघींपैकी लबाड कुणीच नव्हतं. एका मंडळाने एलिकॉट हिलवरचं घर विकत घेऊन वाचवलं, दुसऱ्याने स्टँटन हॉल वाचवला. दोन्ही वास्तू आजही उभ्या आहेत. म्हणजे प्रश्न हावरटपणाचा नव्हता. ‘घर दाखवणं हे दान की काम’ हे सुरुवातीला कुणी ठरवलंच नव्हतं, आणि पैसा यायला लागल्यावर ते ठरवणं फार महागात पडलं. तुमच्याकडे अजून एकच पत्र आलंय. वेळ गेलेली नाही.

आता अध्यक्षांचं म्हणणं. ‘सातही जण हात पुढे करतील.’ करू देत की. एकीला गुपचूप दिलं तर ती मेहेरबानी होते आणि उरलेल्या सहांच्या मनात अढी बसते. सातांनाही सारखं आणि उघड दिलं तर तो खर्च होतो. माझं मत विचाराल तर प्रत्येक घराला ठरावीक ‘झीज खर्च’ द्यावा, घर लहान असो की मोठं. त्यात काय धरायचं याची एक साधी यादी करा : आधीची आणि नंतरची साफसफाई, जमिनीवर अंथरायच्या सतरंज्या, कठड्याचं पॉलिश, फुटतुटीसाठी थोडी शिल्लक. घरमालकांनी तो मागायचा नाही, मंडळाने फेरीनंतर आठवड्याभरात स्वतःहून नेऊन द्यायचा. कुणाला नको असेल तर त्यांनी तो बागेच्या निधीत परत द्यावा आणि त्याची देणगीची पावती घ्यावी. ‘मी वाटा घेतला नाही’ असं मिरवायची सोय मात्र नको. नाहीतर घेणाऱ्यांची मान खाली जाते आणि पुढच्या वर्षी कुणीच घेत नाही.

पण झीज खर्चातून छप्पर होत नाही, हे तुमच्या मैत्रिणीलाही कळत असणार. त्यासाठी दुसरी वाट. निव्वळ उत्पन्नातला थोडा हिस्सा, समजा दहावा, वेगळ्या ‘वास्तू निधी’त टाका. दरवर्षी फेरीतल्या एका घराला त्यातून दुरुस्तीसाठी मदत करा : छप्पर, पन्हळी, कुंपणाची भिंत. घर कोणतं हे ज्यांचं स्वतःचं घर फेरीत नाही अशा तिघांनी ठरवावं. तुम्ही त्या तिघांत नको. मैत्रीण आहे हे कार्यकारिणीत आधीच उघड सांगा, तशी नोंद करून घ्या आणि त्या ठरावाच्या वेळी मत देऊ नका. पुढे कुणी बोट दाखवायला जागा राहत नाही, आणि मैत्रीवर पैशाचं सावट पडत नाही.

ज्या घरात जितकी माणसं गेली तितके टक्के त्या घराला, असाही पर्याय कुणीतरी सुचवेलच. तो कागदावर न्याय्य दिसतो, पण माझ्या मते सगळ्यांत वाईट तोच. दारोदारी माणसं मोजणारे बसतात, लहान घरवाले हिरमुसतात आणि फेरीची शर्यत होते.

दारात छपरासाठी दानपेटी ठेवायची कल्पना प्रामाणिक आहे, पण तिला विचारल्याशिवाय ठेवू नका. स्वतःच्याच उंबऱ्यावर आपल्या गळक्या छपराची पेटी आणि शेजारी आपण, हे काहींना चालतं, काहींना जन्मात चालणार नाही.

यातलं काहीही करा, पण तिकिटावरची ओळ आधी बदला. ‘संपूर्ण उत्पन्न बागेसाठी’ असं छापून त्यातला पैसा छपराकडे वळवणं ही तिकीट घेणाऱ्याची फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो. ‘खर्च वजा जाता उरलेलं उत्पन्न सार्वजनिक बाग आणि जुन्या घरांच्या जतनासाठी’ असं छापा. गेल्या वर्षीच्या शिलकेला यासाठी हात लावू नका. ती ज्या नावाने घेतली त्याच कामी लागली पाहिजे.

छपराविषयी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तुमच्या पत्रात कुणालाच सुचलेली नाही याचं मला नवल वाटलं. गळकं छप्पर हा काही फक्त पैशाचा मामला नाही. पाणी भिंतीतून उतरतं तेव्हा जुन्या घरात सगळ्यांत आधी कुजतात त्या तुळयांची भिंतीत गेलेली टोकं. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते, आतलं टोक भुसभुशीत झालेलं असतं. तशा मजल्यावर एकटी बाई वर्षानुवर्षं वावरते आणि काही होत नाही. पण एका खोलीत चाळीस माणसं चित्र बघायला एका भिंतीशी गोळा झाली तर? तिने उद्या आनंदाने होकार दिला, तरी जुन्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याने पाहून लेखी दिल्याशिवाय तुम्ही तिचा वरचा मजला उघडू नका. ती तपासणी मंडळाच्या खर्चाने करा. यंदा मंडळाने तिच्यासाठी एवढंच केलं तरी ते पोकळ आभारांपेक्षा पुष्कळ होईल. कदाचित तिच्या पत्रात पैशाच्या मागणीमागे हीच भीती असेल आणि तसं म्हणणं तिला कमीपणाचं वाटलं असेल.

गर्दीचंही बघा. एका वेळी बारा माणसं, दर वीस मिनिटांनी एक तुकडी, असे सहा तास धरले तर सव्वादोनशेच्या आत माणसं होतात. चारशे नाहीत. तिकिटावर वेळ छापा आणि तिकिटाचा दर थोडा वाढवा. ज्यांना खरंच बघायचंय ते येतील. मोठ्या पिशव्या आणि ओल्या छत्र्या दारातच ठेवून घ्या. पादत्राणं बाहेर, नाहीतर त्यांवर कापडी आवरणं. जिना अरुंद असेल तर एक तुकडी पूर्ण उतरेपर्यंत दुसरी सोडायची नाही. प्रत्येक उघड्या खोलीत एक स्वयंसेवक हवाच, आणि तो गप्पा मारणारा नव्हे, बघणारा हवा. फोटो काढू द्यायचे की नाही हे घरवालीने ठरवायचं, आणि ते दारावरच लिहायचं.

आता तुमची खरी धास्ती : ते घर नसेल तर निम्मी तिकिटं खपणार नाहीत. जरा थांबून या वाक्याकडे बघा. तुमच्या मंडळाचं वर्षाचं निम्मं उत्पन्न एका एकट्या बाईच्या होकारावर उभं आहे. उद्या ती आजारी पडली, घर विकलं, मुलांकडे राहायला गेली तर? हा दोष तिच्या पत्राचा नाही. पत्राने फक्त तो दाखवला.

व्हर्जिनियातलं उद्यान मंडळ १९२९ पासून जुन्या घरांचा आणि बागांचा आठवडा साजरा करतंय. पहिल्या वर्षीचा पैसा केनमोर या जॉर्ज वॉशिंग्टनच्या बहिणीच्या घराभोवतीचा परिसर सावरायला दिला होता. तिथे खासगी घरं वर्षावर्षाला बदलत जातात. त्यामुळे एकाच घरावर भार पडत नाही आणि दरवर्षी येणाऱ्याला नवं काही बघायला मिळतं. तुमच्याकडे अशी अदलाबदल करण्याइतकी घरं नसतील. मग आणखी एक गोष्ट आठवा, जी मला वाटतं तुम्ही सगळेच विसरलात. तुमचं मंडळ बागेचं आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९२७ साली नॅशनल गार्डन स्कीम सुरू झाली ती घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या निधीसाठी. पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या, माणशी एक शिलिंग घेतला आणि ८,००० पौंडांहून जास्त रक्कम जमली. लोक बागा बघायला आले. ती योजना अजून चालू आहे. ज्यांना ठरलेल्या दिवशी सरसकट दार उघडायचं नसतं ते आधी ठरवून येणाऱ्या गटांनाच बाग दाखवतात. आणि बागमालकाला उत्पन्नातला काही भाग आपल्या पसंतीच्या दुसऱ्या एखाद्या सेवाकार्यालाही देता येतो. म्हणजे ज्याच्या जिवावर पैसा जमतो त्याला त्या पैशाबद्दल बोलण्याचा हक्क आहे, हे तिथे कुणाला उद्धटपणा वाटत नाही.

तेव्हा यंदा तुमच्या मैत्रिणीची बाग उघडा आणि घर बंद ठेवा, असाही एक मार्ग आहे. खिडक्यांतून आत डोकावता येऊ नये एवढं बघा, कारण लोक डोकावतात. नाकाचे ठसे काचेवर उमटेपर्यंत डोकावतात.

तुम्ही विचारलंत, तिला न दुखावता कसं समजावू. समजावू नका. गोडीगुलाबीचं काम अध्यक्षांना परत करा. ‘मी तिची मैत्रीण आहे, म्हणून हे काम माझं नाही,’ एवढं म्हटलं की पुरे. मंडळाला उत्तर द्यायचं असेल तर ते मंडळाने लेखी द्यावं, अध्यक्षांच्या सहीने, आणि लवकर द्यावं. तिच्या पत्राला किती दिवस झाले हे तुम्ही लिहिलं नाहीत. त्यावरून मी समजून गेले.

तिच्याकडे मात्र नक्की जा, चिटणीस म्हणून नव्हे. छप्पर कुठे गळतं ते बघा. गेल्या वर्षीच्या रविवारी ती कुठे बसली होती ते विचारा. मागच्या नऊ वर्षांत काय काय फुटलं, हरवलं, मळलं आणि तिने सांगितलं नाही, ते विचारा आणि ती सांगेल तेव्हा मधे ‘अगं पण’ म्हणू नका. मग शेवटी विचारा : पैसे दिले तर तुला खरंच घर उघडायचंय का? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कित्येकदा माणसाला नाही म्हणायचं असतं आणि नऊ वर्षांच्या हो नंतर नुसतं नाही म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून माणूस अट घालतो. अट मान्य होणार नाही अशी त्याची आशा असते. तसं असेल तर तुमचा वाटा, निधी, ठराव सगळं गोड फासासारखं होईल तिला. तिला दमायचा हक्क आहे. नऊ वर्षांचे मनापासून आभार माना आणि तिला मोकळी करा. एका वर्षाची फेरी सहा घरांची झाली तर मंडळ बुडत नाही.

आणि कार्यकारिणीने सगळंच फेटाळलं, आणि तिने घर दिलं नाही, तर? तर तुम्ही कुठे आहात हे तिला माहीत असू द्या. बैठकीत गप्प बसून मग तिच्याकडे जाऊन ‘माझ्या हातात काही नव्हतं गं’ म्हणालात तर ती हसून चहा करेल, पण मैत्रीत एक खोली कायमची बंद होईल.

ज्यांच्याकडे अशी घरं आहेत आणि एखादं मंडळ दारात आलंय, अशा वाचकांचीही पत्रं मधूनमधून येतात. त्यांना एवढंच सांगते : होकार देण्याआधी एका कागदावर लिहून घ्या. कोणत्या खोल्या, किती वाजेपर्यंत, एका वेळी किती माणसं, फुटलं तर भरपाई कोण देणार, कुणी पडलं तर जबाबदारी कुणाची आणि विमा कुणाच्या नावे. आपला घराचा विमा तिकीट लावून येणाऱ्या गर्दीला लागू असेलच असं धरून चालू नका, विमा कंपनीला लेखी विचारा. फेरीच्या आदल्या संध्याकाळी मोबाइलवर घरभर एकदा चित्रीकरण करून ठेवा. ते कुणावर संशय म्हणून नाही, पण नंतर ‘हा ओरखडा आधीचाच’ हा वाद आपोआप मिटतो. ओळखीतल्या लोकांशी लेखी करार कसा करायचा, असा संकोच वाटतो हे मला माहीत आहे. अनोळखी माणसाशी भांडण झालं तर माणूस जातो एवढंच. ओळखीत भांडण झालं तर चाळीस वर्षं जातात.

राहता राहिला माळी. तुम्ही लिहिलंत ‘ते किरकोळ’. मला मात्र तिच्या पत्रातलं तेच मागणं सगळ्यांत मोठं वाटलं. छपराचा पैसा तिने स्वतःसाठी मागितला, हे तर तिने स्वतःसाठी मागितलंही नाही. नॅचेझची फेरी कित्येक दशकं घरमालकांच्या वैभवाच्या कहाण्या सांगत राहिली. ज्या गुलामांच्या कष्टांवर ते वैभव उभं होतं त्यांना त्या कहाण्यांत जागा नव्हती, आणि गावालगतच फोर्क्स ऑफ द रोड हा गुलामांचा मोठा बाजार भरत असे. तुमच्या गावातली गोष्ट तेवढी भीषण नाही, मी तुलना करत नाही. पण बागप्रेमी मंडळाच्या माहितीपत्रकात जिन्याच्या लाकडाची जात छापून येते आणि पंचवीस वर्षं त्या बागेची माती हाताने उकरणाऱ्या माणसाचं नाव येत नाही, हे तुम्हाला खटकत नाही का?

याला ना निधी लागतो, ना ठराव. माहितीपत्रक तुम्हीच छापून घेता. त्यात एक ओळ टाका. त्या रविवारी त्यांना बागेत उभं करा, गणवेशात शोभेला म्हणून नव्हे, बोलायला. कोणता वेल कधी लावला, कोणतं झाड दोनदा मरता मरता वाचलं, हे घरवालीपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असणार. त्या दिवसाची त्यांची मजुरी मंडळाने द्यावी. आणि छपाईला देण्याआधी नाव कसं लिहायचं ते त्यांनाच विचारून घ्या. नऊ फेऱ्यांत ते कुणी विचारलेलं नसणार.